ब गटाची जाळी विणणारे बसलिंगअप्पा

अप्पांची आणि माझी पहिली ओळख पाठीमागून झाली. म्हणजे ते गोलाच्या मागं उभे होते, मी गोलाच्या पुढं, आणि मला नुसता आवाज ऐकू येत होता. मी तेव्हा भोकरहून नांदेडच्या मोंढ्याच्या धान्यबाजारात पोती उचलायला आलेलो. शाळा आठवीत सुटलेली, एका जागी बूड टिकत नव्हतं. पायात दम दिसला म्हणून मोंढा इलेव्हनवाल्यांनी मला डाव्या बाजूला बचावाला उभं केलं. चेंडू आला की मी त्याच्याखाली पाय घालून तो आभाळात धाडायचो. तेवढ्यात मागून आवाज आला.

"ए पोट्ट्या, ते सोयाबीनचं पोतं न्हाई! उचलू नको, ढकल!"

वळून पाहिलं तर कपाळावर भस्माचे पट्टे, पांढरा सदरा आणि काखेत सुतळीचं बंडल असे एक गृहस्थ. सामना हरल्यावर तेच चहा घेऊन आले आणि पहिला कप मला दिला. म्हणाले, "सगळ्यात वाईट खेळलास, म्हणून पहिला. आता बस, सांगतो कुठं चुकलं."

हे श्री. बसलिंगअप्पा. मूळचे उदगीरकडचे, मोंढ्यात दोरखंडाचं दुकान. कासरे, दावी, बैलांच्या तोंडाला बांधायची मुसकी, सुतळी. स्वतः त्यांनी आयुष्यात चेंडूला पाय लावलेला नाही. पण जिल्ह्याच्या फुटबॉलमध्ये मोंढा इलेव्हनचा सामना आणि अप्पा मैदानावर नाहीत, असं कुणी पाहिलेलं नाही. घाई करणाऱ्या खेळाडूला ते अजूनही कानडीत "निल्लू, निल्लू!" असं ओरडतात. थांब, थांब. आमच्या संघात कानडी कुणाला येत नाही, पण हा एक शब्द गोलकीपरपासून सगळ्यांना येतो.

अप्पांच्या अमृतमहोत्सवाच्या या अंकात वकील, प्राध्यापक, व्यापारी मंडळी लिहिणार आहेत. मी मस्कतला एसी बसवायचं काम करतो. माझ्या मराठीला कुणी हसेल, हसू द्या. पण अप्पांच्या आयुष्यातली एक गोष्ट मी मैदानातून पाहिली आहे, ती इतरांना तशी सांगता येणार नाही, म्हणून लिहीत आहे.

आपल्या जिल्ह्याच्या स्पर्धेत दोन गट आहेत. अ गटात तळाला राहणारा संघ पुढच्या वर्षी ब गटात पडतो, ब गटातला पहिला वर चढतो. आमचा संघ कायम अ गटात होता. ते एक वर्ष मात्र असं आलं की सामन्यामागून सामना हरत गेलो. आमचे प्रशिक्षक कादर उस्ताद. वेल्डिंगचं दुकान सांभाळून ते आम्हाला शिकवायचे, मानधन घ्यायचे नाहीत. लोक त्यांच्या मागं लागले. उस्तादांना काढा, नवा माणूस आणा. शेवटी एक दिवस उस्ताद स्वतःच दोरीच्या दुकानात आले.

"अप्पा, मेरे कू निकालो. टीम कू बचाओ."

अप्पा सुतळी गुंडाळत होते. त्यांनी वर न बघता विचारलं, "उस्ताद, सासू बदलली म्हणून भाकरी फुगती का? तवा तापावा लागतो. पोरं नवी हायती. बसा, चहा घ्या."

"हार गये तो?"

"तर पडू. पडल्यावर बी शिकवायला कुणीतरी लागंलच की."

आणि आम्ही पडलो. शेवटच्या सामन्यात चेंडू दोनदा खांबाला लागून परत आला. मोंढ्यातल्या हमालांनी त्या दिवशी जेवण केलं नाही. गावाकडं लोक हसतील, पण ज्याला फक्त एकच संघ आहे त्याला विचारा.

त्यानंतर आठवड्याच्या आत शहरातले एक प्लॉटिंगवाले शेठ पुढं आले. त्यांचं म्हणणं सोपं होतं. अ गटातला एक संघ पैशावाचून मोडकळीला आला आहे, त्याची जागा ते विकत घेणार. खेळाडू आमचे, जागा त्यांची. आम्ही पडलोच नाही असं होईल. बदल्यात संघाला त्यांच्या नव्या वसाहतीचं नाव लागेल, हैदराबादहून पगारी प्रशिक्षक येईल आणि खेळाडूंनाही दरमहा काहीतरी मिळेल. मोंढ्याच्या शेडमध्ये बैठक बसली. हमाल, अडते, हातगाडीवाले, आम्ही खेळाडू. नवे बूट, पगार म्हटल्यावर आमच्यातली निम्मी पोरं मनातून तयार होती. उस्ताद मागं भिंतीला टेकून उभे होते. त्यांची जागा जाणार हे सगळ्यांना माहीत होतं आणि त्यांच्याकडं कुणी बघत नव्हतं.

अप्पा उभे राहिले. त्यांचं भाषण वगैरे काही नसतं.

"शाळेत लेकरू नापास झालं तर त्याच वर्गात बसतं. दुसऱ्याचं गुणपत्रक इकत आणत न्हाई. आपून नापास झालोत. त्याच वर्गात बसू."

एक अडतव्यापारी म्हणाले, "अप्पा, जमाना पैशाचा हाय. पैसा कुठून आणणार?"

"पैसा पायजेच. पण हमालाला जेवढा परवडतो तेवढाच सगळ्यांनी द्यायचा. तुम्ही बी तेवढाच, मी बी तेवढाच."

"काहून? आम्ही जास्त दिला तर काय बिघडलं?"

"ज्याचा पैसा लई, त्याचा आवाज लई. मग हमालानं बोलायचं कधी? मैदानात आवाज एकाच गोष्टीचा मोठा पायजे, शिट्टीचा."

लोक हसले, पण मन वळलं नव्हतं. मग अप्पांनी शेठकडं वळून अगदी साधेपणानं विचारलं, "साहेब, एक सांगा. तुमचा संघ पुढच्या साली पडला तर?"

शेठही मोकळे होते, राग नव्हता त्यांच्या बोलण्यात. म्हणाले, "अप्पा, पडेलच कशाला? आणि पडला तर बंद करून टाकू. तोटा कोण सोसत बसतं?"

अप्पा खाली बसले. पुढं काही बोलायची गरजच राहिली नाही. सर्वांत म्हातारे हमाल, आम्ही त्यांना मामा म्हणतो, ते उठले आणि म्हणाले, "मग आमचा पडलेला बरा हाय. बंद तर व्हत न्हाई." हात वर झाले. शेठनी जाताना अप्पांना नमस्कार केला, हेही लिहायला हवं. भिंतीला टेकलेले उस्ताद मात्र तोंड फिरवून शेडच्या बाहेर गेले आणि बराच वेळ नळावर तोंड धूत राहिले.

ब गट म्हणजे काय हे आम्हाला तिथं गेल्यावर कळलं. नदीकडचं खडकाळ मैदान, बांबूचे खांब आणि गोलाला जाळी नाही. जाळी नसली की चेंडू खांबाच्या आतून गेला की बाहेरून, यावर अर्धा सामना भांडणात जातो. एकदा तर किनवटकडच्या संघानं आणि आम्ही त्याच भांडणात अंधार पाडला. दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्यापासून अप्पा जाळी विणायला बसले. गिऱ्हाईक आलं तर म्हणायचे, "कासरा तिकडं हाय, बघून घ्या, मी गोल करून राहिलो."

त्यांनी दोन्ही बाजूंच्या गोलांना जाळ्या केल्या, तागाच्या दोरीच्या. नायलॉनची घ्या असं आम्ही सांगत होतो. ते ऐकेनात. जन्मभर ताग विकलेला माणूस, म्हणाले, "नायलॉनला जीव न्हाई."

ताग ओला झाला की आखडतो, हे आम्हाला माहीत नव्हतं. अप्पांना माहीत होतं, पण बैलांच्या मुसक्यांपुरतं. गोलाला ते कसं लागू होईल हे त्यांच्या डोक्यात आलं नाही. वर चढायच्या निर्णायक सामन्याच्या आधी रात्रभर पाऊस पडला. जाळी घट्ट ताणून बांधलेली. ती आखडली आणि एका बाजूचे दोन्ही बांबू ओढून आत वाकले. नेमका उत्तरार्धात तो वाकलेला गोल आमच्या बाजूला आला. आम्ही एका गोलनं पुढं होतो. समोरच्या किनवटकडच्या संघाचा चेंडू वाकलेल्या खांबाला लागून बाहेर गेला. त्यांचा कप्तान ओरडला, "अप्पा, हा गोल हाय का मुसकं?"

आमची पोरं खूश. पंचांच्याही ते लक्षात आलेलं नव्हतं, किंवा त्यांना लक्षात घ्यायचं नव्हतं. पण अप्पा चालत मैदानात आले, खांबाकडं पाहिलं आणि पंचांना म्हणाले, "साहेब, गोल बारीक झालाय. जाळी माझी, चूक माझी. सोडू द्या."

मी म्हणालो, "अप्पा, पावसानं झालंय ते, तुमच्यानं न्हाई!"

"दत्त्या, पावसानं दोरी इकली न्हाई. मी इकली."

त्यांनी स्वतः जाळी सोडली, खांब सरळ केले. राहिलेला सामना जाळीविना झाला. मग व्हायचं तेच झालं. चेंडू आतून की बाहेरून अशी दोन भांडणं झाली, दोन्ही निकाल आमच्या विरुद्ध गेले आणि आम्ही हरलो. वर जाणं हुकलं. बूट खांद्याला अडकवून मोंढ्याकडं चालत निघालो. वाटेत उस्ताद म्हणाले, "अप्पा, अगली बार नायलॉन लाना." अप्पा त्यावर जे हसले, ते हसणं मला इथं वाळवंटात कधी कधी आठवतं. आम्हाला वाटलं होतं, आता हा माणूस मैदानावर तोंड दाखवणार नाही. पुढच्या सामन्याला ते नायलॉनचं बंडल घेऊन आमच्या आधी हजर होते. आज ब गटातला कुठलाही सामना अप्पांची जाळी बांधल्याशिवाय सुरू होत नाही. त्यात आम्ही नसलो तरी. तो किनवटकडचा कप्तान आज त्यांना काका म्हणतो आणि जाळी न्यायला स्वतः जीप घेऊन येतो.

माझ्यावर त्यांचे उपकार किती आणि कुठले सांगू. मस्कतला निघालो तेव्हा त्यांनी माझी बॅग आपल्या हातानं बांधून दिली. इथं खोलीवर आल्यावर ती गाठ काही सुटेना. ओढून ओढून बोटं सोलली. खोलीतली पोरं सुरी घेऊन आली. मी आधी फोन लावला.

"अप्पा, गाठ सुटंना."

"ओढून राहिलास का?"

"हाव."

"ओढू नको, ढकल. दोरी आत ढकल, सुटंल."

सुटली. पुढं इथं दर थोड्या दिवसांनी माझं मालकाशी बिनसायचं, जागा बदलायचो. अप्पांना कळलं की त्यांचा निरोप यायचा, "दत्त्या, शेठ बदलून खेळ सुधरत न्हाई. निल्लू." मी थांबलो. गेली काही वर्षं एकाच ठिकाणी आहे आणि आता माझ्या हाताखाली माणसं आहेत. नवा पोरगा आला, चुकला की मी त्याला पहिला चहा देतो. का देतो ते त्याला सांगत नाही.

दर सामन्यानंतर अप्पांचा आवाज फोनवर येतो. गोल कुणी केला हे ते शेवटी सांगतात. आधी उस्तादांनी कुणाला कुठं खेळवलं, त्यावरून मोंढ्यात कोण कोण भांडलं, हे सगळं. गेल्या आठवड्यात त्यांनी सांगितलं, "एक सामना राहिला रे. जिंकलो तर वर." आणि लगेच पुढं, "न्हाई जिंकलो तरी मैदान तेच हाय."

सत्कार समितीनं समारंभ त्याच दिवशी सभागृहात ठेवला होता. अप्पांनी शाल-श्रीफळ नको म्हटलं नाही, एवढंच म्हणाले, "सामना झाल्यावर मैदानातच द्या, मी तिथंच हाय." म्हणून हा अंक तुमच्या हाती नदीकडच्या मैदानावर पडेल, आणि तेव्हा निकाल लागलेला असेल. हे लिहिताना मला तो माहीत नाही. पण आमचा संघ त्याच नावानं, त्याच उस्तादांच्या हाताखाली, हमालाला परवडेल तेवढ्याच पैशावर तिथं उभा आहे, हे मला माहीत आहे. याचा मला जेवढा अभिमान आहे तेवढा माझ्या स्वतःच्या कुठल्याच गोष्टीचा नाही.

मंडळी, एक विनंती. जिंकलात तर नाचा, गुलाल उधळा. हरलात तर पहिला चहा सर्वांत वाईट खेळलेल्याला द्या. पण दोन्ही वेळी लगेच घरी जाऊ नका. अप्पा दर सामन्यानंतर दोन्ही गोलांच्या जाळ्या स्वतः सोडतात, एकेक गाठ आत ढकलत. आज त्यांच्याजवळ उभे राहा. रेणुकामातेनं त्यांच्या गुडघ्यांना मैदानापर्यंत यायचं बळ द्यावं, डोळ्यांना पलीकडचा गोल दिसत राहावा आणि त्या गाठी सोडायला बोटं अशीच चालत राहावीत, अजून पुष्कळ वर्षं, गट कुठलाही असो.

— दत्ता, डाव्या बाजूचा बचाव, मोंढा इलेव्हन (सध्या मस्कत)