चुरण्यातला च

मी आमगावजवळच्या एका गावातल्या शाळेत मराठी शिकवते. नोकरीला लागले तेव्हा माझे डोळे ठीक होते. पस्तिशीनंतर नजर कडेकडेनं बुजत गेली. आधी शेजारून जाणारी सायकल दिसेना, मग दाराची चौकट खांद्याला लागायला लागली, आणि शेवटी समोर नळीएवढा उजेड उरला. दोन वर्षांत तोही अंधुक झाला. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की यावर औषध नाही. मी विचारलं, "मग मी शिकवू कशी?" ते म्हणाले, "तोंडानं." तेव्हा मला त्यांचा फार राग आला होता.

माझ्या धाकट्या भावाचं गोंदियात टीव्ही आणि मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. एका रविवारी तो माझा लॅपटॉप घेऊन गेला आणि परत आणला तेव्हा लॅपटॉप बोलत होता. पडद्यावर जे लिहिलेलं असेल ते वाचून दाखवणारा प्रोग्राम त्यानं त्यात टाकला होता.

"फुकट आहे बाई," तो म्हणाला.

"चोरीचा आहे का?"

"नाई ना! ज्यायनं बनवला त्यायनंच खुला ठेवला आहे. अंदर का आहे ते कोनीबी पाहू शकते, बदलू शकते, दुसऱ्याले देऊ शकते."

माझा विश्वास बसला नाही. पण दुसरा उपायही नव्हता. तो आवाज पत्र्याच्या डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा होता, तरी आठवड्याभरात मला त्याची सवय झाली. पुस्तकातले धडे, वरून आलेली पत्रं, मुलांच्या गुणांचे तक्ते, शाळेच्या संगणकावर मुलांनी टाइप केलेले निबंध, सगळं तो वाचू लागला. मी पुन्हा तयारी करून वर्गात जाऊ लागले.

अडचण एकच होती. मराठीत च, ज आणि झ यांचे दोन-दोन उच्चार आहेत. ‘चार’ म्हणताना जीभ टाळूला लागते, ‘चारा’ म्हणताना दातांच्या मागे. लिहिताना अक्षर एकच. मूल ते घरी ऐकून ऐकून शिकतं. या आवाजाला कोणी ऐकवलंच नव्हतं. चांगलं, चूल, चटणी, माझा, झाड, आज, सगळं तो टाळूला जीभ लावून म्हणायचा, हिंदी माणसानं मराठी वाचावं तसं. पहिल्यांदा लॅपटॉप वर्गात नेला तेव्हा सहावीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, हा त बजारातल्या शेटसारखा बोलून राहिला!" वर्ग हसला. मीही हसले.

हसू फार दिवस टिकलं नाही. एकदा फळ्यापाशी उभी राहून मी धडा सांगत होते आणि ‘चूल’ हा शब्द माझ्याच तोंडून त्या आवाजासारखा निघाला. मुलांच्या लक्षात आलं की नाही माहीत नाही. माझ्या आलं. इतकी वर्षं मी मुलांचे उच्चार सुधारत आले होते. डोळे गेले ते एक वेळ चालेल, पण कानही जाणार असतील तर मी मराठीची बाई कसली?

भावाला फोन केला. तो म्हणाला, "मंग कायले बसून राहिली? तक्रार टाक. ज्यायनं बनवला त्यायचा पत्ता तिथंच आहे."

मी शाळेत शिकलेल्या इंग्रजीत, शब्दकोश त्या आवाजाकडून वाचून घेत, एक पत्र लिहिलं. उत्तराची आशा नव्हती. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. कुठल्या देशातला माणूस होता ते मला आजही नक्की ठाऊक नाही. भारतात तो कधी आला नव्हता एवढं त्यानं लिहिलं होतं. त्याला मराठी येत नव्हती, म्हणून त्यानं माफी मागितली होती. मराठीच्या उच्चारांचे नियम ज्या फाइलमध्ये आहेत ती त्यानं सोबत पाठवली होती आणि शेवटी विचारलं होतं की तुम्ही ती दुरुस्त कराल का? मी तक्रार करायला गेले आणि त्यानं मला कामाला लावलं.

फाइल साधी होती. एका बाजूला अक्षर किंवा शब्द, दुसऱ्या बाजूला त्याचा आवाज रोमन अक्षरांत. भाऊ दोन रविवार माझ्याजवळ बसला आणि मला ती लिहायची रीत समजली. नियम तर मला पाठच होता: पुढे इ, ए किंवा य आला की जीभ टाळूला, नाहीतर दातांमागे. मी तो दोन ओळींत लिहून पाठवला. त्या माणसानं तो घेतला, आणि मी शाळेतल्या सगळ्या शिक्षकांना सांगत सुटले.

नवा आवाज बाहेर पडला आणि घोटाळा उघड झाला. तो ‘चांगलं’ चांगलं म्हणायला लागला होता, पण ‘चंद्र’ दातांत म्हणत होता. जन्म, चहा, राजा, पूजा, सगळ्यांचं वाटोळं. संस्कृतातून किंवा बाहेरून आलेले शब्द माझ्या नियमात बसत नाहीत हे मी मुलांना स्वतः शिकवलं होतं, आणि लिहिताना विसरले होते. दूरच्या एका शहरातल्या बँकेत काम करणाऱ्या, जन्मापासून न दिसणाऱ्या एका गृहस्थांनी सगळ्यांना दिसेल असं लिहिलं: "मी हा आवाज अनेक वर्षं वापरतो. इतका वाईट तो कधी बोलला नव्हता. ज्यांनी हे केलं त्यांना मराठी येते का?"

मी लॅपटॉप मिटला. दोन दिवस उघडला नाही.

माय माझ्याजवळच राहते. ती शाळेत कधी गेली नाही. जन्मभर धानाच्या शेतात, बांधीतल्या चिखलात राबली. अंगणात सुपात तांदूळ निवडता निवडता तिनं विचारलं, "काऊन वं, तुई मशीन दोन दिसांपासून बोलून नाई राहिली?"

मी सगळं सांगितलं. तिनं ऐकलं आणि विचारलं, "त्या मानसालेबी दिसत नाई का?"

"नाही."

"मंग त्यालेबी त मशीन लागते ना. बोलला त बोलला. त्याच्याकडूनच काम करून घे."

मी त्या गृहस्थांना लिहिलं की चूक माझी आहे, मराठी माझाच विषय आहे, आणि आता पुढे काय करावं ते तुम्ही सांगा. त्यांचं उत्तर थोडक्यात होतं, पण त्यात राग नव्हता. नियम काढून टाका, ते म्हणाले. जुनं तसंच राहू द्या आणि दातांमागून म्हणायचे शब्द एकेक करून लिहा. काम मोठं आहे, अर्धं मी करतो. सोबत त्यांनी क्रियापदांची लांबलचक यादी जोडली होती.

मग धान कापणीच्या आधीपासून ते उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत आमचं हेच चाललं. शाळेतून आले की मी लॅपटॉप अंगणात आणायची. मशीन एकेक शब्द वाचायची आणि माय तिला दुरुस्त करायची.

"चमचा," मशीन म्हणायची.

"नाई!" माय सूप खाली ठेवून म्हणायची, आणि दातांमागून स्वच्छ ‘चमचा’ म्हणून दाखवायची. "आयक बरं नीट."

जणू समोर कोणी सून बसली आहे. नियम तिला माहीत नव्हता, कारण माहीत नव्हतं, पण तिचा कान एकदाही चुकला नाही. ज्या शब्दाशी तिचा संबंध आला नव्हता तो ती सरळ सोडून द्यायची. ‘जहाज’ आलं तेव्हा म्हणाली, "हे मले इचारू नको. मी का जहाजात बसली?" तो शब्द मी बँकेतल्या गृहस्थांकडे पाठवला.

काही ठिकाणी आम्ही हरलो. ‘हे जग’ आणि ‘शंभर वर्षं जग’ यांतला जग लिहिताना एकच आहे. वाक्य समजल्याशिवाय उच्चार कळत नाही, आणि मशीनला वाक्य समजत नाही. तो शब्द आम्ही तसाच ठेवला.

खरा वाद झाला तो ‘चुरणा’वर. आमच्याकडे धानाच्या मळणीला चुरणा म्हणतात. तो च दातांमागचा. मी तो यादीत घातला, तसे आमच्या भागातले आणखी काही शब्दही घातले. गृहस्थांनी लिहिलं: "हे शब्द कुठल्या पुस्तकात आहेत? यादी वाढली की साध्या फोनवर आवाज रेंगाळतो. जे सगळ्या महाराष्ट्रात चालतं तेवढंच ठेवा."

मी लिहिलं, "पुस्तकात नसेल. माझ्या मुलांच्या निबंधात आहे, आणि ते निबंध मलाच वाचायचे आहेत."

ते ऐकेनात, मीही ऐकेना. शेवटी परदेशातल्या त्या माणसानं मला विचारलं की हा शब्द किती लोक म्हणतात. मी उत्तर दिलं, "गोंदिया आणि भंडारा. धान पिकवणारी सगळी घरं." त्याचं एका ओळीचं उत्तर आलं: मग तो राहणार.

त्या रात्री जेवताना मी मायला सांगितलं की तुझा चुरणा राहिला. ती म्हणाली, "राहीलच. जाईल कुठं?"

नवा आवाज बाहेर आला तेव्हा शाळेला सुट्टी होती. भावानं दुकानातून फोन करून सांगितलं आणि मी तो उतरवून घेतला. पाचवीचं पुस्तक उघडलं. तोच डब्यातला आवाज, पण आता ‘चांगलं’ नीट, ‘चंद्र’ नीट, ‘माझा’ आणि ‘माझी’ यांतला फरक अगदी बिनचूक. मी पानामागून पान ऐकत गेले. चूक सापडावी म्हणून ऐकत होते आणि सापडू नये असंही वाटत होतं. माय दारात उभी होती. "आता बोलली," एवढंच म्हणाली आणि आत गेली. बँकेतल्या गृहस्थांचा संदेश संध्याकाळी आला. त्यांनी त्यांच्या आईला आवाज ऐकवला होता, आणि आईनं विचारलं होतं की याला असं बोलायला शिकवणारी ही बाई कुठली?

भाऊ तेवढ्यावर थांबला नाही. "बाई, तुले स्क्रीन कायले पायजे?" असं एक दिवस त्यानं विचारलं, आणि मला पहिल्यांदाच जाणवलं की ज्या वस्तूचा मला काडीचा उपयोग नाही ती मी रोज खांद्यावरून वाहते. त्यानं हाताच्या पंजात मावेल एवढी संगणकाची पट्टी आणली. तिला जोडायच्या सुट्या भागांचे नकाशेही लोकांनी नेटवर खुले ठेवलेले होते. जुन्या टीव्हीतला स्पीकर, एक कीबोर्ड, लाइट गेली तर चालावी म्हणून बॅटरी, असं सगळं त्यानं लाकडी डब्यात बसवलं. पडदा नाहीच. चालू केलं की बोलतो. मग त्यानं त्या डब्याचा नकाशाही नेटवर टाकून दिला. मी म्हटलं, तुझी मेहनत अशीच वाटून टाकतोस? तो म्हणाला, "मी कोनाले इचारून घेतलं होतं का? मंग लपवून का करू?" काही महिन्यांनी दुसऱ्या राज्यातल्या एका शिक्षकानं तसाच डबा बनवून त्याचा फोटो पाठवला. तो फोटो आता भावाच्या दुकानात, गिऱ्हाइकाची नजर पहिली जिथं जाते तिथं लावलेला आहे. येणाऱ्या प्रत्येकाला तो हिंदीत सगळी कथा सांगतो, आणि दर वेळी ती थोडी वाढते.

यंदा गोंदियात शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. मी डबा सोबत नेला, कारण फाइलमध्ये दिलेली पानं मला त्यावरच वाचायची होती. जेवणाच्या सुट्टीत शिक्षण खात्यातले एक साहेब माझ्या बाकापाशी थांबले. डबा एका मुलाचा निबंध वाचत होता: चुरणा झाला, बाबांनी धान घरी आणलं. साहेब थोडा वेळ ऐकत राहिले.

"मॅडम, उच्चार फारच शुद्ध आहेत. कोणत्या कंपनीचा आहे हा आवाज?"

"कंपनीचा नाही साहेब," मी म्हटलं. "पुष्कळ लोकांचा आहे. थोडा माझा आहे, आणि थोडा माझ्या आईचा."

त्यांना वाटलं मी थट्टा करते आहे. मी डब्यावर फाइल उघडली आणि यादीतले शब्द त्यांना एकेक करून ऐकवले. ते खुर्ची ओढून बसले. आजूबाजूचे शिक्षक गोळा झाले. एकानं विचारलं की पवारीचं असं काही करता येईल का, आमच्या घरी पवारी बोलतात. मी म्हटलं, येईल, पण घरातलं कोणीतरी बसलं पाहिजे. त्यानं माझा नंबर घेतला. साहेबांनी पेनड्राइव्ह मागवला आणि प्रोग्राम त्यांच्या लॅपटॉपवर मी माझ्या हातानं टाकून दिला. सगळ्या कळा पाठ होत्या, एकही चुकली नाही.

संध्याकाळच्या गाडीनं आमगावला परतले. घरी येऊन मायला सगळं सांगितलं: साहेब कसे बसले, लोक कसे जमले, मी काय म्हटलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"एवढं झालं," ती म्हणाली, "अन् चाय पाजला का त्यानं?"

"पाजला."

"मंग ठीक आहे. मानूस बरा दिसते."