पहिल्या खुर्चीची टाळी

आमच्या अमरावतीला काही आवडलं की लोक टाळ्या वाजवायचे. नाटकात वाजवायचे, भाषणात वाजवायचे, शाळेत बाईंनी फळ्यावर बरा मोर काढला तरी आम्ही मुली वाजवायचो. टाळीलाही परवानगी लागते हे मला लग्न होऊन ग्वाल्हेरला आल्यावर कळलं, आणि कळलं तेही नको त्या वेळी.

माझे सासरे दरबारचे जादूगार होते. घराणं दख्खनेतून आलेलं, आधीच्या पिढ्या फौजेत. यांच्या हाताला मात्र तलवारीऐवजी रुमाल चिकटला. राजवाड्यात पाहुणे आले की त्यांचा खेळ व्हायचा. माणूस मोठा ऐटबाज. मिशीला कलप, बोटांना रोज बदामाचं तेल. भाजीत मीठ कमी पडलं तर तोंडाने बोलायचे नाहीत, सासूबाईंच्या कानामागून मिठाचा खडा काढून ताटात ठेवायचे. सासूबाईंना त्याचं हसू कधीच आलं नाही.

मी आले तेव्हा संस्थान विलीन होऊन गेलं होतं. मध्यभारत नावाचं नवं राज्य झालं होतं, राजधानी थंडीत ग्वाल्हेरला आणि उन्हाळ्यात इंदूरला. माझे यजमान सरकारी कचेरीत, त्यामुळे घरात सकाळ-संध्याकाळ एकच विषय: कुठलं खातं कुठे जाणार आणि कुणाच्या डोक्यावर कोण येऊन बसणार. मामंजींना कुठलं खातंच नव्हतं. दरबार उठला तसे तेही उठले, आणि त्यांची बदली कुठे झाली हे कुणी विचारलं नाही.

तरी रोज सकाळी ते मागच्या खोलीत शिरून आतून कडी लावायचे. आत पाणी डुचमळल्याचा आवाज यायचा. मग बाहेर येऊन काही न बोलता धोतर धुवायला टाकायचे, आणि ते चिंब भिजलेलं असायचं. मला आधी वाटलं, वय झालंय, लोटा धरवत नसेल. पण हळूहळू धोतर कमी भिजू लागलं आणि एके सकाळी अगदी कोरडं आलं. तेव्हा मला उलगडा झाला. पाणी कुठे असतं ते त्या धोतरांनी मला सांगितलं, पण ते मी आजही कुणाला सांगणार नाही. इतकंच सांगते, की त्या वयात, दुखऱ्या गुडघ्यांनी, भरलेलं पितळी घंगाळ कुणाला दिसू न देता वागवायचं आणि वर चेहऱ्यावर हसू ठेवायचं, याला मी तरी कसरतच म्हणेन.

हिवाळ्यात बाड्याजवळच्या, म्हणजे शहरातल्या मोठ्या चौकाजवळच्या, सभागृहात नव्या सरकारचा समारंभ ठरला. त्यात मामंजींचा खेळ ठेवला होता. आदल्या दिवशी शेगडीवर हात शेकत ते म्हणाले, "दरबार गेला, पण हात गेला की नाही, ते उद्या समजेल. लोकांना पसंद पडलं तर इंदूरलाही खेळ नेऊ. नाही पडलं, तर पेटी माळ्यावर. फिर मला कोणी विचारायचं नाही."

सासूबाई म्हणाल्या, "जेवून घ्या, थंड होतंय."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सभागृह गच्च भरलं होतं. आम्ही दोघी बायकांच्या बाजूला बसलो. पहिल्या रांगेत मधोमध एक लाल गादीची खुर्ची, तिच्यावर माळव्यातले कुणी मंत्री. खादीतला साधा माणूस, तुरुंगात जाऊन आलेला, राजवाड्याची पायरी कधी न चढलेला.

मामंजी जरीचा अंगरखा घालून आले. जळका रुमाल सबंध करून दाखवला. सगळे गप्प. कापलेली दोरी जोडली. गप्प. मला वाटलं, ही माणसं आजारी आहेत की काय. मग त्यांनी खांद्यावरची शाल काढली, दोन्ही बाजूंनी झटकून दाखवली, जमिनीवर पसरली आणि उचलली. खाली घंगाळ. काठोकाठ पाणी, वर झेंडूच्या पाकळ्या, आणि आजूबाजूला एक थेंब नाही.

माझे हात आपोआप वर गेले. टाळी एकदा वाजली, दोनदा वाजली, आणि सासूबाईंनी माझं मनगट घट्ट धरलं.

"पागल झालीस? आधी तिकडून वाजू दे," त्या पुटपुटल्या आणि हनुवटीने लाल खुर्ची दाखवली.

राजाने टाळी दिल्याशिवाय कुणी हात उचलायचा नाही, ही दरबारची रीत. राजा त्या खुर्चीत नव्हता, तरी सारं सभागृह मांडीवर हात ठेवून खुर्चीकडे बघत होतं. आणि खुर्चीतला माणूस मागे वळून लोकांकडे बघत होता, हे कधी वाजवतात म्हणून. एवढे शिकलेले, मोठमोठ्या हुद्द्यांवरचे लोक, पण एकालाही रीत मोडवेना. मला त्या सगळ्यांची लाज वाटली, आणि त्यांच्यात बसलेल्या माझीही.

मामंजी खुर्चीकडे बघत उभे राहिले. त्या जागेवरून टाळी न येण्याचा त्यांना आयुष्यभर एकच अर्थ माहीत होता: खेळ पसंत पडला नाही. त्यांनी वाकून घंगाळ उचललं, आणि तेव्हा ते कललं. पाणी अंगरख्यावर सांडलं. त्यांनी ओल्या कपड्यांनीच मुजरा केला आणि पाठ न दाखवता मागे मागे चालत पडद्याआड गेले.

माझे यजमान तिथे कचेरीतर्फे व्यवस्थेला उभे होते. घरी परतताना त्यांनी सांगितलं, मंत्री शेजारच्याला विचारत होते, "यहाँ के लोगों को जादू अच्छा नहीं लगता क्या?"

मामंजी आमच्या आधीच घरी पोचले होते. पानावर बसले, पण घास हातातच होता. मी वाढत होते.

"पाण्याच्या वेळी एक टाळी वाजली," ते कुणाकडेही न बघता म्हणाले. "वाजली नि तुटली. पोरांनी मजाक केला असेल म्हाताऱ्याचा."

तोवर मी त्यांच्याशी वर मान करून कधी बोलले नव्हते.

"मामंजी, ती माझी होती."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. एखाद्या लहान मुलाला विचारावं तसं विचारलं, "मग का थांबलीस?"

सासूबाईंनी पोळी त्यांच्या ताटात ठेवली आणि आत निघून गेल्या. त्यांनी मनगट धरलं होतं, असं मला सांगता आलं असतं. पण त्या साठीच्या बाई आणि मी वीस वर्षांची. मनात आणलं असतं तर मला हात सोडवून घेता आला असता.