वळवलेली रेघ

नगरपालिकेत तिच्या वडिलांना सगळे फूटपट्टी म्हणत, आणि त्यांना ते मनापासून आवडे. समुद्राकाठचं मैदान त्यांनी आयुष्यभर कापलं. दर आठवड्याला कापणी, वर खताचा मारा, आणि यंत्राच्या रेघा अशा सरळ की कुणाची बोट ठेवायची टाप नाही. त्याआधी तिथे रानफुलं होती, हे मात्र सगळे विसरून गेले होते.

ते निवृत्त झाले, मुलगी त्याच कामावर लागली आणि वरून हुकूम आला, रानफुलं परत आणा. म्हणजे खत बंद. कापणी वर्षातून एकदाच, बी झडल्यावर, आणि कापलेलं गवत उचलून न्यायचं, कारण जमिनीला फार खाऊ घातलं की गवतच फोफावतं आणि फुलांना डोकं वर काढू देत नाही. फिरायला मधून एक पायवाट तेवढी कापून ठेवायची. पहिली काही वर्षं नुसतं रान माजलं. लोक वडिलांना बाजारात गाठून विचारू लागले, मुलगी झोपा काढते की काय? फूटपट्टीची मान खाली गेली. त्यांनी मैदानाकडे फिरकणंच सोडलं. जेवताना मीठ हवं असलं तरी बापलेक ते आईमार्फत मागू लागले.

यंदा मैदान फुललं. साहेबांनी पाठ थोपटली, तिलाही स्वतःचा अभिमान वाटला, उगाच कशाला लपवा. पण यंत्र धरायला ज्यांनी शिकवलं त्यांनी येऊन बघितलं नव्हतं, आणि तेच तिला सलत होतं. अखेर आईनं फर्मान काढलं, लेकीचं काम बघून या, मगच चहा मिळेल. वडील मुकाट्यानं चपला घालून निघाले.

पिवळी, जांभळी, पांढरी फुलं थेट वाळूपर्यंत पसरली होती. ती वडिलांचा चेहरा बघत होती. वडील बघत होते पायवाट. दुसरं काय बघणार म्हणा! हात पाठीमागे बांधून ते कडेकडेनं तपासत चालले. एका ठिकाणी पायवाट बाक घेऊन पुढे गेली होती. तिथे ते थांबले.

"इथं रेघ चुकलीय."

"चुकली नाही, बाबा. वळवलीय. इथं घरटं होतं."

ते गुडघ्यांना दटावत खाली वाकले. गवताच्या बुडाशी चंडोलाचं वाटीएवढं घरटं होतं. पिल्लं केव्हाच उडून गेली होती. बराच वेळ बघून ते उठले आणि पुन्हा पायवाटेच्या कडा तपासू लागले. तिनं आशा सोडली.

तेवढ्यात काठी टेकत नगरपालिकेतले एक जुने कारकून आले. बाजारातल्या टोमण्यांत त्यांचा पहिला नंबर. काठीनं तो बाक दाखवत ते म्हणाले, "काय फूटपट्टी, तुमच्या वेळी असली वाकडी रेघ चालली असती का?"

वडील ताठ उभे राहिले.

"वाकडी नाही, वळवलीय. माझ्या मुलीनं. मला नुसती सरळच जमायची."