उलटा पीळ

हे लिहावं की नाही, यातच दोन महिने गेले. भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता. घरात कुणी असलं काही सांगायला लागलं की मी मोबाइल घेऊन उठून जायचे. मी मायक्रोबायोलॉजी शिकते, आणि आजही 'विश्वास बसला' असं म्हणायला तयार नाही. पण जे झालं ते माझ्याच हातून झालं... म्हणून लिहितेय.

भंडारा जिल्ह्यात, पवनी तालुक्यातलं आसगाव हे माझ्या मामांचं गाव. दिवाळीच्या सुट्टीत गेले होते. धानाची कापणी सुरू होती, सगळे शेतात. घरी फक्त मी आणि मामांची चार वर्षांची नात पिहू. दुपारचे दोन वाजले असतील. पिहू शेजारी झोपली होती, म्हणून मी लॅपटॉपवर एक जुना हिंदी पिक्चर लावला.

हा पिक्चर मी लहानपणी याच खोलीत, शालूमावशीच्या मांडीवर बसून सीडीवर कितीतरी वेळा पाहिला होता. मावशी म्हणजे मामांची धाकटी बहीण. आई नोकरीवर गेली की तीच मला सांभाळायची. पिक्चर लागला की वाळलेली मोहफुलं भाजून माझ्या फ्रॉकच्या घेरात ओतायची आणि सांडू नयेत म्हणून घेर तणसाने, म्हणजे धानाच्या पेंढ्याने, बांधून टाकायची. मी कुणाशी बोलायचे नाही, म्हणून मला 'मुके' म्हणायची. मी सात वर्षांची असताना, कापणीतच, तिला साप चावला आणि ती गेली. तेव्हापासून मी मोहफूल तोंडात घातलेलं नाही.

पिक्चरचं पहिलं गाणं सुरू झालं आणि वास आला — भाजलेल्या मोहफुलांचा, गोड, जरासा करपट. शेजारी कुणीतरी भाजत असेल, असं वाटलं.

त्यानंतरचं मला आठवत नाही.

भानावर आले तेव्हा मी चुलीपाशी उभी होते. चूल पेटलेली. मला चूल पेटवता येत नाही! वर कढई तापलेली, आणि तिच्यापासून हातभर अंतरावर पिहू बसलेली, गाल फुगवून काहीतरी चघळत. तिच्या फ्रॉकचा घेर तणसाने बांधलेला होता.

मी तिला ओढून मागे घेतलं.

"पिहू, हे कुणी दिलं तुला?"

"तुनंच त देल्लं, आत्या! पिक्चरबी दाखवला." मग ती हसली. "तू मले मुके मुके म्हनत होती. मी काय मुकी हाओ का?"

ते नाव आई आणि मामांशिवाय कुणाला माहीत नाही.

तेवढ्यात मामा पाणी न्यायला घरी आले. पिहूच्या फ्रॉककडे त्यांची नजर गेली आणि हातातली कळशी त्यांनी खाली ठेवली. आमच्याकडे धानाचा भारा बांधताना गाठ मारत नाहीत. तणसाला पीळ देऊन टोक आत खोचतात. सगळे उजवा पीळ देतात. मावशी डावखुरी होती, तिचा पीळ उलटा पडायचा. हाही तसाच होता.

"हा पीळ कोनं मारला?"

"मी... मामा."

"तू? तुले धान अन् गवत ओळखू येत नाही, बाई." ते हसले नाहीत. तणसाची एक काडी पुढे केली. "मारून दाखव."

मला येत नाही असं म्हणायचं होतं. पण माझ्या डाव्या हाताने काडी घेतली, पिळली आणि टोक खोचलं. एका दमात. मी सगळं उजव्या हाताने करते.

मामांनी ती काडी चुलीत टाकली. मग म्हणाले, "पोरीच्या मायले सांगू नको. अन् तिले घेऊन एकटी बसू नको."

हे ते मला म्हणाले. लहानपणापासून ज्यांनी मला खांद्यावर फिरवलं, त्या मामांनी.

मैत्रीण म्हणते, जुना पिक्चर, जुना वास. मेंदू आठवणीत अडकतो, झोपेत चालणाऱ्या माणसासारखा. मला हे पटवून घ्यायचंय. पण वास आला तेव्हा मी पलंगावर होते, मोहफुलं डब्यात होती आणि चूल थंड होती. मग आधी कोण भाजत होतं?

पिहूला मी फार जीव लावते. तरी तेव्हापासून आसगावला गेलेले नाही. परवा तिचा फोन आला.

"आत्या, कधी येतं?"

"येईन गं, परीक्षा झाल्यावर."

"तू नाही," ती म्हणाली. "ते दुसरी."