सोसायटीचा पाणी इनचार्ज

सोसायटीचं पाणी ज्याच्याकडे असतं, त्याला किस्से गोळा करत फिरावं लागत नाही. ते सकाळी सहाला बेल वाजवून घरात येतात. मी केंद्र सरकारच्या नोकरीत, बदली होऊन पुण्याहून दिल्लीला आलो, तेव्हा तिथल्या द्वारका भागात नवे फ्लॅट उभे राहत होते. मेट्रोचा पत्ता नव्हता आणि पाणी लहर आली तर यायचं.

पहिल्याच मीटिंगमध्ये मी हात वर केला. सेक्रेटरी शर्माजींनी तो पाहिला आणि वहीत माझ्या नावापुढे लिहिलं, 'पानी इनचार्ज'.

मी म्हटलं, "जी, मुझे तो सिर्फ पूछना था, पानी कितने बजे आता है."

"अब आप ही बताया करेंगे," शर्माजी म्हणाले.

*

तक्रारींची वही माझ्या ताब्यात आली. चौथ्या मजल्यावरच्या मॅथ्यू मॅडमनी लिहिलं होतं, 'प्रेशर बिल्कुल नहीं है.' त्याच्याच खाली तळमजल्यावरच्या अरोरांची नोंद होती, 'प्रेशर बहुत ज़्यादा है, नहाते वक्त साबुन हाथ से उड़ जाता है.'

मी दोन्ही नोंदी प्लंबरला वाचून दाखवल्या. त्यानं क्षणभर विचार केला.

"साब, इन दोनों के घर बदलवा दो."

*

आठ दिवस नळ कोरडे होते, म्हणून मी पाण्याच्या ऑफिसात अर्ज दिला. हिंदीत उत्तर आलं, 'आपकी समस्या दूर करने की पूरी चेष्टा की जा रही है.' तेव्हा आई आमच्याकडे आली होती. तिनं ते मोठ्यानं वाचलं.

"चेष्टा करतात ते करतात, वर लेखी कळवतात?"

हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, असं मी तिला समजावलं. तिनं एकदा स्वयंपाकघरातल्या नळाकडे पाहिलं.

"माझाच अर्थ बरोबर आहे," ती म्हणाली.

*

कुणीतरी लाइनला मोटर लावून पाणी ओढतंय, अशी कुरबुर वाढली. रविवारी सगळे आवारात जमले. वीज गेलेली होती. शर्माजींनी एकेकाला विचारलं. एकाच्याही घरी मोटर नव्हती. अरोरा तर मुलांची शपथ घ्यायला निघाले होते.

तेवढ्यात वीज आली. सगळ्या मजल्यांवरून एकदम घूं घूं सुरू झालं.

कुणी कुणाकडे पाहिना. बायको हळूच मला म्हणाली, "आपली बंद करून येऊ का?"

*

त्या उन्हाळ्यात चार दिवस थेंब नव्हता. आमच्या शेजारी कुलकर्णी कुटुंब नुकतंच नागपूरहून राहायला आलं होतं. अजून सामान लागलं नव्हतं, खोकी जमिनीवरच होती. कुलकर्णी वहिनी मुलीच्या ॲडमिशनसाठी शाळेत गेल्या होत्या, किल्ली आमच्याकडे ठेवून.

दुपारी त्यांच्या दाराखालून पाणी येताना दिसलं. कोरडा नळ उघडाच राहिला होता आणि पाणी आलं होतं. मी कुलूप काढलं. आत घोट्याच्या वर पाणी. एका खोक्यावर 'बाबांचे फोटो' लिहिलेलं होतं. वहिनींचे वडील त्याच वर्षी गेले होते, हे आम्हाला ठाऊक होतं. बायकोनं आणि मी ते आधी उचलून पलंगावर ठेवलं. मग बाकीची खोकी उचलली.

तेवढ्यात शाळेतून परतलेल्या वहिनी धावत आल्या. त्यांनी फोटोंचं खोकं उघडलं. खालचा पुठ्ठा भिजला होता. आतल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत फोटो कोरडे होते. पिशवी छातीशी धरून त्या पलंगावर टेकल्या. बायकोनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

मी बाथरूममध्ये जाऊन नळाला हात घातला.

"भाऊजी," खोलीतून वहिनींचा आवाज आला, "बंद नका करू. आधी बादल्या भरून घेऊ."