सीटच्या आतल्या कडेची चीर

लोणीच्या दूध केंद्रावर दादाभाऊ वाळुंजांनी बत्तीस वर्षं दूध तपासलं. कॅनचं झाकण उघडलं की आधी वास, मग बोटावर थेंब आणि सगळ्यात शेवटी लॅक्टोमीटरची डिग्री. पुष्कळदा डिग्री लावायच्या आधीच त्यांना कळलेलं असायचं. "आज म्हशीनं पाणी जास्त पिलेलं दिसतंय," एवढंच म्हणायचे आणि कॅन बाजूला सारायचे. एकदा सख्ख्या मेव्हण्याचा कॅन त्यांनी चारचौघांत परत केला. मेव्हणा चार वर्षं उंबऱ्याला शिवला नाही. साळुबाईंनी नवऱ्याशी बोलणंच टाकलं होतं. पण पुढं मेव्हण्यानंच कबूल केलं, की पाणी होतं. तेव्हापासून आपला संशय खोटा पडत नाही अशी दादाभाऊंची समजूत झाली, आणि खरं सांगायचं तर गावाचीही.

ते निवृत्त झाल्यावर त्यांच्या मुलानं, अमृतनं, दसऱ्याला गाडी घेतली. आत लेदरच्या तपकिरी सीटा. पूजेला गाडी ओझरला नेली, तेव्हा देवळापुढं उभ्या असलेल्या चार माणसांनी आत डोकावून सीटांवर हात फिरवला. दादाभाऊंना ते आवडलंही आणि खुपलंही. नको तितके हात कशाला लावायचे?

अमृत चाकणला कंपनीच्या बसनं जायचा. गाडी चालवणारे घरात दोघंच. एक दादाभाऊ स्वतः, आणि दुसरी सून सोनल. ती मंचरच्या शाळेत शिकवायची आणि रोज गाडी घेऊन जायची.

माघात एका सकाळी दादाभाऊ गाडी पुसत होते. ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड हाताला खरखरीत लागली. वाकून पाहिलं, तर बोटभर लांबीची चीर, आणि भोवती रंगाचे पोपडे सुटलेले. खाली पांढरट अस्तर दिसत होतं. गाडी घेऊन पाच महिनेसुद्धा झाले नव्हते. दादाभाऊ तिथंच उकिडवे बसून राहिले.

"काय झालं?" साळुबाईंनी ओट्यावरून विचारलं.

"काय न्हाई." पण डोक्यात चक्र सुरू झालं होतं.

आधी संशय गेला मंचरच्या गाडी धुणाऱ्यावर. त्यानं पॉलिश म्हणून भलतंच काही चोळलं असणार. दादाभाऊंनी गाडी तिथं न्यायची बंद केली. पण दहा दिवसांत चीर आणखी लांबली. मग संशय शोरूमवर गेला. वापरलेली गाडी पुसून-पासून आपल्या गळ्यात मारली असावी. त्यांनी कागद काढून नंबर ताडून पाहिले, ते बरोबर निघाले. मग उरलं कोण?

ते सोनलच्या जाण्या-येण्यावर नजर ठेवू लागले. ती गाडीतून कशी उतरते, घसरत उतरते की पाय आधी टाकते, ड्रेसला टिकल्या आहेत का, खांद्यावरची पर्स कुठं घासते. तिच्या पर्सला पितळी रंगाची जाड कडी होती. दादाभाऊंना ती कडी दिसायला लागली, की दुसरं काही दिसेना.

एका रविवारी सोनल मागं कपडे वाळत घालत होती. पर्स खुर्चीवर होती. दादाभाऊंनी कपाटातली आपली जुनी चामडी चप्पल काढली आणि पर्सची कडी तिच्यावर जोर लावून घासून पाहिली. ओरखडा उठला. तेवढ्यात दारात सोनल उभी.

"मामा, काय बघताय?"

"काय न्हाई. कडी सैल झाली का काय, म्हणून..."

सोनलनं चप्पल पाहिली, पर्स पाहिली. तिला सगळं कळलं. तिनं चप्पल परत कपाटात ठेवली. पर्स उचलली, गाडीची चावी खुंटीला अडकवली. सोमवारी सकाळी ती एसटीनं शाळेला गेली. मंगळवारीही. अमृतनं विचारलं, तर म्हणाली, "गाडी लोकांच्या डोळ्यात भरते. एसटी बरी."

साळुबाईंनी मात्र दादाभाऊंना सुनावलं. "पुराव्याबिगर बोललं न्हाई म्हणून चांगलं व्हत न्हाई माणूस. बघण्यात पण बोलणं असतं." दादाभाऊंनी मान फिरवली. त्यांना वाटलं, खरी गोष्ट बाहेर आली की सगळे गप्प बसतील.

त्यांनी गाडी नारायणगावाकडच्या सर्व्हिस सेंटरला नेली. तिथं हर्षाली नावाची मुलगी तक्रारी लिहून घ्यायची. गोड बोलणारी. दादाभाऊ गोड बोलण्याला लई भ्यायचे. तिच्या वरच्या साहेबानं सीट पाहिली न पाहिली आणि सांगितलं, "काका, ही वापराची झीज आहे. चढता-उतरताना घासतं. वॉरंटीत बसत नाही."

म्हणजे आपलंच खरं, दादाभाऊंना क्षणभर वाटलं. कुणीतरी घासलंय. पण साहेबानं इतक्या पटकन कसं सांगितलं? बोटसुद्धा लावलं नाही. बोट न लावता दुधातलं पाणी सांगणाऱ्या माणसावर त्यांनी आयुष्यात विश्वास ठेवला नव्हता. हा साहेब काहीतरी लपवतोय, हे त्यांच्या मनानं घेतलं.

तिथून ते घरी न येता थेट जुन्नरला गेले. बाजारपेठेच्या कडेला भागू नावाचा माणूस गाड्यांच्या सीटा शिवायचा. हातात सुई, दातात दोरा. त्यानं चष्मा नाकावर ओढला, गाडीत शिरला आणि बाहेरची चीर सोडून भलतीकडंच हात घातला. सीटच्या आतल्या कडेला, गिअरच्या बाजूला.

"भाऊ, इकडं या. हितं बोट लावा."

दादाभाऊंनी बोट लावलं. तिथंही खरखर. बारीक केसासारख्या चिरा, एकाला एक लागून.

"हितं कोण घासतं?" भागूनं विचारलं.

"कुणीच न्हाई."

मग त्यानं शेजारच्या सीटची आतली कड दाखवली, मागच्या सीटचा कोपरा दाखवला. सगळीकडं तेच, कमी-जास्त. "बसायच्या जागंवर कातडं हाय, चांगलं हाय. कडंला समदं रेक्झिन. वरचा रंगाचा थर धरलाच न्हाई. माल असाच आला वरून. ड्रायव्हरकडं आधी सुटलं, कारण तिथं हालचाल जास्त. बाकीचं बी सुटणार."

"पर्सच्या कडीनं व्हईल का असं?"

भागू हसला. "कडीनं एक रेघ वडली जाईल. असा खवल्यागत पोपडा न्हाई सुटत. कुणावर आळ घेतला व्हता काय?"

दादाभाऊंनी गाडी सुरू केली. गाडी नारायणगावच्या पुढं येईस्तोवर त्यांना चपलेवरचा तो ओरखडा दिसत होता. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा डिग्री चुकली होती, आणि तीही घरात.

संध्याकाळी सगळे चहाला बसले, तेव्हा त्यांनी कप खाली ठेवला. "सोनल, मी तुझ्यावर संशय घेतला. सीट तुझ्यामुळं फाटली असं धरून चाललो. तसं नव्हतं. माझी चूक झाली."

अमृत बापाकडं बघतच राहिला. सोनल म्हणाली, "संशयाचं नाही वाटलं मला, मामा. विचारलं असतं, तर पर्स मीच आणून दिली असती. लपून बघितलंत, ते लागलं."

"व्हय," दादाभाऊ म्हणाले.

पण वॉरंटीचा अर्ज सोनलनंच लिहिला. आतल्या कडांचे, मागच्या कोपऱ्याचे फोटो काढले, प्रत्येक फोटोखाली तिथं कुणाचं अंग लागत नाही हे लिहिलं. सर्व्हिस सेंटरला दोघं मिळून गेले. हर्षालीनं फोटो पाहिले आणि आवाज खाली आणून म्हणाली, "काका, जॉबकार्डवर, म्हणजे आमच्या तक्रारीच्या कागदावर, 'झीज' हा शब्द लिहून देऊ नका. 'थर सुटला' असं लिहा. आणि हा अर्ज कंपनीला पण पाठवा, नुसता आमच्याकडं ठेवू नका."

दादाभाऊंनी सोनलला बाजूला घेतलं. "ही आपली बाजू का घेतीय? अडकवायचा डाव तर न्हाई?"

"मामा," सोनल म्हणाली, "तिलाच विचारा की."

दादाभाऊंना ते जड गेलं. तरी ते गेले आणि सरळ विचारलं, "बाई, तुमी आमाला का मदत करताय?"

हर्षाली गोंधळली, मग हसली. "या महिन्यात अशा तीन गाड्या आल्यात, काका. तिघंही रागावून गेले आणि कुणीच लेखी दिलं नाही. लेखी आलं, तर मलाही वर सांगता येतं."

दादाभाऊंनी सही केली. करताना कागद दोनदा वाचला, ते सोडा.

तीन आठवड्यांनी कंपनीचा माणूस सर्व्हिस सेंटरला गाडी तपासायला आला. दादाभाऊ दिवसभर तिथंच बाकावर बसून होते. त्यानं भिंगानं कडा पाहिल्या, फोटो घेतले, आणि पुढच्या दोन्ही सीटांची कव्हरं बदलून द्यायचं मान्य केलं. मागच्या सीटला नाही. मागचं "अजून पुरेसं सुटलेलं नाही" म्हणाला. दादाभाऊंनी तेही लेखी मागितलं, आणि मिळवलं.

नवी कव्हरं रंगानं थोडी गडद आली. अमृत म्हणाला, चालतंय. दादाभाऊंना चालत नव्हतं, पण ते गप्प बसले.

सोनल पुढचा सगळा पंधरवडा एसटीनंच गेली. दादाभाऊंनी एकदाही विषय काढला नाही. नंतरच्या सोमवारी ते अंगणात ज्वारी निवडत बसले होते. सोनल तयार होऊन आली, खुंटीवरची चावी काढली आणि गाडीपाशी थांबली.

"मामा, मला संध्याकाळी उशीर होईल. शाळेत मीटिंग आहे."

"बरं," ते म्हणाले. कसली मीटिंग, हा प्रश्न त्यांच्या ओठावर आला होता. त्यांनी तो विचारला. सोनलनंही पाचवीच्या परीक्षेचं सगळं नीट सांगितलं, आणि मग गाडी सुरू केली.