माता नव्हती ती
आमच्याकडे दोन बकऱ्या होत्या. उन्हाळ्यात आई सकाळी सकाळी त्यांच्या कानांतल्या गोचिड्या काढायची आणि दोन नखांत धरून टचकन फोडायची. मी मॅट्रिकला होते, मला मेली किळस यायची. एकदा आईच्याच कानामागे एक चिकटलेली दिसली. मी ती ओढून काढली, चिरडली आणि विसरून गेले.

आठवड्याभरात आईला ताप भरला. चौथ्या दिवशी अंगभर लाल पुरळ. शेजारची मावशी बघून म्हणाली, "माता आली वं बाई! आता दवा-सुई काही करू नका, माता कोपते." बाबांनी छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली, घरातले देव तेव्हाच बाहेर काढलेले. मला वाटलं, हे मावशीला हाकलून देतील. कसचं काय! त्यांनी गुपचूप दाराला कडुलिंबाची डहाळी बांधली. मी भडकले, "बाबा, तुम्हीपण?"

"मले भेव लागून राहिलं, पोरी. तू चूप बस."

बाबांना घाबरलेलं मी कधी पाहिलंच नव्हतं.

त्यात दोन दिवस गेले. मग आई बरळायला लागली. मलाच विचारते, "तू कोन वं? माझी पोरगी कुठं गेली?" ती गेली तर? जगली आणि मला कधी ओळखलंच नाही तर? मी ती डहाळी ओढून फेकली आणि सायकलरिक्षा घेऊन आले. बाबांनी आईला उचललं.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी तिचे तळहात, तळपाय पाहिले. तिथेही पुरळ होतं. "घरी जनावरं आहेत? गोचीड चावली होती का?" मला कानामागची ती गोचीड आठवली. मी सगळं सांगितलं.

"ही माता नाही. गोचिडीचा ताप आहे, मेंदूपर्यंत गेलाय. आधी का नाही आणलं?"

औषध सुरू झालं. खोटं कशाला बोलू, त्या वॉर्डात मीही कुठल्या कुठल्या देवांना हात जोडले.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. आईने डोळे उघडले, मला ओळखलं, गालावरून हात फिरवला. मला रडूच फुटलं. "आई, आई गं, कसं वाटून राहिलं तुले?"

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "जोरानं बोल ना वं. काहून कुजबुजून राहिली?"

मी ओरडत होते. पलीकडच्या खाटांवरच्या बाया उठून बसल्या होत्या.